अचलपूर अचल नाही!

अचलपूर : 'अचल' या शब्दाचा अर्थ न हलणारा. संस्कृतात पर्वतालाही अचल म्हणतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या, एकेकाळी एलिचपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी राहिलेल्या या नगरीला हे नाव दोन्ही अर्थांनी शोभून दिसते. भूविज्ञानाची साक्ष मात्र वेगळी आहे. अचलपूर शहर, त्याचा परकोट, हौज कटोरा, परतवाड्याची बाजारपेठ आणि मागे भिंतीसारखा उभा असलेला गाविलगडचा डोंगर, असे सारे मिळून दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकत आहे. आपली नखे वाढतात, त्याहून हा वेग किंचित अधिक आहे. डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला, तेव्हापासून आजपर्यंत हा किल्ला सुमारे ११ मीटर पुढे गेला आहे. वाटेत त्याचा एक दगडही केवळ या प्रवासामुळे ढळलेला नाही, कारण आधाराची जमीन, भोवतालचे रान आणि पाहणारा माणूस एकाच वेगाने चालला आहे.

चालत्या आगगाडीत बसलेल्या प्रवाशाला गती जाणवत नाही. धक्का बसला की जाणवते. असा एक धक्का ३० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी दीडच्या सुमारास बसला. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने त्याची नोंद ४.२ अशी केली. चिखलदरा, धारणी आणि अचलपूर परिसरात तो जाणवला. सुदैवाने हानी झाली नाही. परंतु तारीख पाहून अनेकांच्या काळजात चर्र झाले असेल. बरोबर ३१ वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता. तारखांचे जुळणे हा निव्वळ योगायोग होय. मात्र दोन्ही भूकंपांमागची मूळ शक्ती एकच आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय सातपुडा इथेच का उभा आहे, पूर्णेचे पाणी खारट का आहे, किंवा आपली नदी पश्चिमेला का वाहते, या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

तडकलेले कवच

पृथ्वीचे बाहेरचे कवच अखंड नाही. सात मोठ्या आणि अनेक लहान तुकड्यांमध्ये ते विभागलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. त्यांची जाडी साधारण शंभर किलोमीटरच्या आसपास असते. त्याखालचे प्रावरण घन असले, तरी प्रचंड उष्णतेमुळे ते लाखो वर्षांच्या मापाने पाहता अतिशय मंद गतीने वाहते आणि त्यावर हे भूपट्ट सरकतात. महासागरांच्या तळाशी, जेथे दोन पट्ट परस्परांपासून दूर जातात, तेथे खालून शिलारस वर येऊन नवा तळ तयार होतो. जेथे ते समोरासमोर येतात, तेथे एकतर जड पट्ट हलक्याखाली बुडतो, नाहीतर दोघांच्या रेट्यात कवच चुरगाळून पर्वत उभे राहतात. काही ठिकाणी ते नुसतेच एकमेकांना घासत जातात.

जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असे सांगितले, तेव्हा भूवैज्ञानिकांनी त्यांना गांभीर्याने घेतले नाही. एवढे मोठे खंड ढकलते कोण, या प्रश्नाचे पटण्याजोगे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ते मिळण्यास १९६० चे दशक उजाडावे लागले. समुद्रतळावरील खडकांतील चुंबकीय पट्टे मोजल्यावर तळ पसरत असल्याचा पुरावाच हाती आला. आज उपग्रहांच्या साह्याने ही हालचाल मिलिमीटरपर्यंत मोजता येते.

या साऱ्या शास्त्रात आपल्या शेजारच्या मुलखाचे नाव कायमचे कोरले गेले आहे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत ज्या प्राचीन महाखंडात एकत्र होते, त्याचे नाव गोंडवन. भूवैज्ञानिक हेन्री मेडलिकॉट यांनी एकोणिसाव्या शतकात मध्य भारतातील खडकांना गोंडांच्या भूमीवरून हे नाव दिले. पुढे एडुआर्ड झ्यूस यांनी ते सबंध महाखंडाला लावले. जगाच्या पाठीवर कुठल्याही विद्यापीठात भूविज्ञान शिकणारा विद्यार्थी सातपुड्यातील या भूमीचे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही.

सातपुड्याखालची शिवण

सातपुडा जेथे उभा आहे, तो पट्टा फार जुना आणि फार अस्वस्थ आहे. एक अब्ज वर्षांहूनही अधिक काळापूर्वी उत्तरेकडील व दक्षिणेकडील दोन प्राचीन भूखंड या ठिकाणी एकमेकांना जोडले गेले. त्या जोडाला भूवैज्ञानिक मध्य भारतीय विवर्तनी पट्टा म्हणतात. कापडाची शिवण जशी कितीही पक्की असली तरी ताण आल्यावर तेथूनच उसवते, तसेच या पट्ट्याचे आहे. पृथ्वीच्या पोटात कोणतीही मोठी उलथापालथ झाली, की ही जुनी शिवण पुन्हा पुन्हा हलत आली आहे.

सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी गोंडवनावर ताण पडू लागला आणि या शिवणीच्या आसपास जमीन खचून लांबट खोलगट दऱ्या तयार झाल्या. नद्यांनी त्यांत गाळ व झाडोरा आणून टाकला. छिंदवाड्याकडील पेंच-कन्हानच्या खाणींत आणि वर्धा खोऱ्यात चंद्रपूर-वणीकडे जो कोळसा निघतो, तो त्या काळचा. पुढे महाखंड फुटला. भारत आफ्रिकेपासून, मग अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलियापासून आणि शेवटी मादागास्करपासून सुटून एकटाच उत्तरेकडे निघाला.

या एकाकी प्रवासात, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, जे घडले त्याने महाराष्ट्राला आजचे रूप दिले. भारताचा पट्ट प्रावरणातील एका अतितप्त ठिकाणावरून जात असताना जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उसळला. ज्वालामुखी म्हटल्यावर डोळ्यांसमोर जो शंकूच्या आकाराचा डोंगर येतो, तसे येथे नव्हते. भेगांतून पाण्यासारखा पसरणारा लाव्हा थरावर थर साचत गेला आणि आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो तो बेसाल्ट हाच. कापसाची काळी जमीन त्याच्याच झिजेतून झाली. ते तप्त ठिकाण आजही हिंदी महासागरात रीयुनियन बेटाखाली जागे आहे. तेथील ज्वालामुखी अधूनमधून लाव्हा ओकतो, त्याच्या बातम्या आपण वाचतो. दख्खनच्या पठारापासून लक्षद्वीप, मालदीव व मॉरिशसपर्यंतची रांग म्हणजे पट्ट सरकत गेल्याच्या पाऊलखुणा होत. त्या काळी भारताचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्याही पुढे गेला होता.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा पट्ट आशियाला धडकला. वेग मंदावला, हिमालय उभा राहू लागला. रेटा मात्र आजही संपलेला नाही. मागून हिंदी महासागराचा विस्तारणारा तळ ढकलतो, पुढून आशिया अडवतो. मध्ये सापडलेल्या भारतीय द्वीपकल्पावर उत्तर-दक्षिण असा दाब सतत पडतो. कणखर खडक तो निमूटपणे सोसतात. जुनी शिवण कुरकुरते.

डोंगर असा सरळ का?

अमरावतीहून परतवाड्याकडे येताना वाटेत जमीन सपाट असते. मग क्षितिजावर एक निळसर रेघ उमटते आणि हळूहळू तिची भिंत होते. ही भिंत आश्चर्य वाटावे इतकी सरळ आहे. नद्यांनी व पावसाने कोरलेला डोंगर असा पट्टीने आखल्यासारखा नसतो. त्याला वळणे असतात, आत शिरलेल्या दऱ्या असतात, पुढे आलेली नाके असतात. सरळ कडा दिसला, की तेथे खडक तुटल्याची शंका भूवैज्ञानिकाला प्रथम येते.

येथे ती शंका खरी आहे. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने गाविलगडचा प्रस्तरभंग जातो. अचलपूर, परतवाडा, बहिरम, सालबर्डी ही सारी गावे या भेगेच्या आसपास येतात. पुढे ही भेग मध्य प्रदेशात कन्हान व तान नद्यांच्या खोऱ्यांकडे निघून जाते. तिची एकूण लांबी सुमारे तीनशे किलोमीटर मानली जाते. हिच्या उत्तरेकडील भाग उचलला गेला, दक्षिणेकडील भाग खाली राहिला. अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटर उंचीवर आहे, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. दोहोंतील हवाई अंतर जेमतेम २५ किलोमीटर. जवळच्या वैराट शिखराची उंची ११७८ मीटर भरते. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत टाकले ती कीचकदरी, अशी चिखलदऱ्याच्या नावाची कथा सांगितली जाते. दरी एवढी खोल कशी, याचे उत्तर लोकांनी आपल्या परीने शोधले, एवढाच त्याचा अर्थ.

शाळेच्या भूगोलात सातपुडा हा गट पर्वत आणि नर्मदा-तापीची खोरी या खचदऱ्या, असे आपण पाठ केलेले असते. ते ढोबळमानाने बरोबर आहे. परंतु येथील हालचाल केवळ खचण्याची नाही. आधी ताणाने जमीन खचली, पुढे आशियाशी टक्कर झाल्यावर त्याच भेगा दाबाखाली उलट दिशेने आणि आडव्याही सरकल्या. एकच दार कधी आत, कधी बाहेर उघडावे, तसा हा प्रकार आहे. बेसाल्टचे थरही या भेगेवर तुटलेले आढळतात. म्हणजे लाव्हा थिजल्यानंतरही येथे मोठी हालचाल झाली, हे उघड आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा मोर्शी तालुक्यातील सालबर्डी येथे पाहावयास मिळतो. महाशिवरात्रीला तेथील डोंगरातील महादेवाच्या गुहेकडे जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते. वाटेतले खडक पाहण्याची सवड फार थोड्यांना असते. वऱ्हाडात सर्वत्र काळा पाषाण वर आणि बाकी सारे त्याच्या पोटात दडलेले असताना, सालबर्डीला मात्र गोंडवन काळातील वालुकाश्म आणि लाव्ह्याच्या आधीचे लामेटा थर उघड्यावर आले आहेत. उत्तरेकडील बाजू उचलली गेली, वरचा बेसाल्ट झिजून गेला आणि तळघरातील वस्तू अंगणात यावी तसे हे प्राचीन थर दिसू लागले. या परिसरातील लामेटा थरांतून संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संशोधकांनी डायनासोरचे जीवाश्म नोंदविले आहेत. येथेच उष्ण पाण्याचा झराही आहे. जमिनीत खोल मुरलेले पाणी भेगेच्या वाटेने तापून वर येते. सातपुड्याच्याच पायथ्याला, जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात असलेल्या उनपदेवच्या झऱ्याचे गोत्रही हेच.

(अनेकदा विचारला जाणारा एक प्रश्न येथेच निकालात काढलेला बरा. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर भूपट्टांच्या हालचालीने झालेले नाही. ते अशनीच्या आघाताचे विवर आहे.)

गोड पट्टा, खारा पट्टा

प्रस्तरभंगाचा विषय निघाला की आपल्याला केवळ भूकंप आठवतो. वऱ्हाडातल्या माणसाचा या भेगेशी रोजचा संबंध येतो तो पाण्याच्या रूपाने.

दक्षिणेकडील भाग खाली राहिल्याने जो लांबट खोलगट पाट तयार झाला, त्यातून पूर्णा नदी वाहते. गोदावरी, कृष्णा या नद्या महाराष्ट्राच्या सर्वसाधारण उताराने पूर्वेला जातात. पूर्णा मात्र अकोल्याच्या उत्तरेने पश्चिमेला जाऊन मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. मेळघाटातील सिपना, गडगा, डोलार या नद्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाने थेट तापीकडे जातात. अलीकडच्या सापन, चंद्रभागा, शहानूर पूर्णेकडे येतात. शेवटी सर्वांचे पाणी त्याच खचदरीतून खंबातच्या आखाताला जाते.

लाखो वर्षे या नद्यांनी सातपुड्याचा गाळ पूर्णेच्या पाटात आणून भरला. काही ठिकाणी त्याची जाडी ३०० मीटरहून अधिक आहे. म्हणजे दर्यापूर-अकोटकडील शेतकरी ज्या सपाट काळ्या रानात उभा असतो, त्याच्या पायांखाली चिखलदऱ्याचाच बेसाल्ट खोल गाडला गेला आहे. वर दिसणारा डोंगर हा खऱ्या उंचीचा एक भाग झाला. उरलेला गाळात बुडालेला आहे.

या गाळाचे दोन स्वभाव आहेत. डोंगरातून वेगाने उतरलेल्या नद्यांचा जोर पायथ्याशी एकदम ओसरतो, त्यामुळे गोटे, रेती, वाळू असा भरड ऐवज तेथेच पडतो. या पट्ट्याला भूवैज्ञानिक बझाडा म्हणतात. यात पाणी चाळणीतून उतरावे तसे मुरते. अचलपूर, चांदूर बाजारपासून मोर्शी-वरुडपर्यंत पायथ्याला संत्र्याच्या बागा पसरल्या, त्यामागे या गोड्या भूजलाचा मोठा हात आहे. परंतु बागांसाठी विंधन विहिरींतून जे उपसले गेले, ते मुरणाऱ्या पाण्याच्या मानाने फार अधिक होते आणि पाण्याची पातळी खोल खोल गेली. तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेची कल्पना याच बझाडा पट्ट्यावर उभी आहे. पुराचे पाणी वळवून पायथ्याच्या भरड गाळात मुरवायचे, अशी ही योजना असून मे २०२५ मध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांनी तिच्यासाठी करार केला. कोट्यवधी वर्षांपूर्वी तुटलेल्या खडकाने आपल्याला एक प्रचंड भूमिगत टाकी देऊन ठेवली आहे. ती रिकामी करण्यास आपल्याला दोन पिढ्याही लागल्या नाहीत.

पायथ्यापासून पूर्णेकडे सरकावे तसा गाळ बारीक, चिकण होत जातो. पाटाच्या मध्यभागी पाण्याचा निचरा होत नाही, क्षार साचून राहतात. हाच खारपाण पट्टा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टर जमीन त्यात मोडते. पूर्णाकाठी विहिरींच्या पाण्यातून एकेकाळी मीठही काढले जात असे. खाली समुद्र आहे, अशी समजूत गावागावांत ऐकावयास मिळते. समुद्र नाही, तोंड बंद असलेल्या परातीसारखा खचलेला पाट आहे आणि त्यातले पाणी सहज बाहेर जात नाही. या पाण्याने जमिनी चोपण झाल्या, ओलीत अशक्य झाले, आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार या गावांतून वर्षानुवर्षे होत आहे. नळाने गोडे पाणी पोहोचले तेथे पिण्याचा प्रश्न काहीसा सुटला. शेतीचा नाही.

थरथर आणि तयारी

आता भूकंपाविषयी. द्वीपकल्पीय भारत हा स्थिर भूभाग असून येथे मोठे भूकंप होत नाहीत, असे पूर्वी ठामपणे सांगितले जात असे. कोयनेने ११ डिसेंबर १९६७ रोजी या समजुतीला पहिला तडा दिला, किल्लारीने ती मोडली. किल्लारी तर त्या वेळच्या नकाशात सर्वांत सुरक्षित श्रेणीत होते. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास आणि बळी सुमारे दहा हजार. पुढे २००२ च्या नकाशात ती सर्वांत खालची श्रेणीच रद्द करण्यात आली.

सातपुड्याच्या पट्ट्याचा स्वतःचा इतिहासही कोरा नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. २२ मे १९९७ रोजी जबलपूर हादरले, सुमारे ४० माणसे दगावली. या दोन्ही भूकंपांची नाभी ३५ ते ४० किलोमीटर खोल होती. एवढ्या खोलीवर खडक तुटतो याचा अर्थ असा, की शिवण कवचाच्या तळापर्यंत पोहोचलेली आहे.

त्याखेरीज लहान धक्क्यांच्या मालिका या भागाला नव्या नाहीत. १९९८ मध्ये खंडवा जिल्ह्यातील पंधाना परिसरात अशी मालिका झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातील साद्राबाडी येथे जमिनीतून स्फोटासारखे आवाज येऊ लागले, पाठोपाठ हादरे बसू लागले. गावकऱ्यांनी भीतीने रात्री घराबाहेर काढल्या. शास्त्रज्ञांची पथके आली, तात्पुरती भूकंपमापक यंत्रे बसली. हे धक्के लहान व उथळ होते. पावसाळ्यात खडकांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब वाढून असे धक्के बसतात, हे त्यावरचे एक स्पष्टीकरण आहे. लहान धक्के म्हणजे मोठ्याची नांदी, असा नियम नाही. लहान धक्क्यांनी ताण मोकळा होऊन मोठा टळतो, असेही नाही. एका मोठ्या भूकंपाची ऊर्जा मोकळी व्हावयाची तर असे धक्के हजारोंच्या संख्येने लागतील. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याचे शास्त्र आज जगात कोणाहीपाशी नाही. कुणी तारीख सांगत असेल, तर तो खोटे सांगत आहे.

मग हाती काय उरते? घर. किल्लारीत माणसे जमीन हलल्याने मेली नाहीत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद अंगावर आल्याने मेली. अचलपूरच्या जुन्या वस्तीत, परकोटाच्या आतल्या बोळांत दगड-मातीची दुमजली घरे आजही नांदती आहेत. काहींवर वरून सिमेंटचा गिलावा चढला आहे, त्यामुळे भिंत आतून कशी आहे ते दिसत नाही. काहींवर आणखी एक मजला चढला आहे. याउलट मेळघाटातील कोरकूंची कुडाची घरे, बांबू-काड्यांच्या ताट्या आणि वरून मातीचे लिंपण, मागासलेपणाची खूण म्हणून पाहिली जातात. हलकी व लवचीक असल्याने भूकंपात हीच घरे माणसाला तुलनेने कमी इजा करतात. ती पाडून त्यांच्या जागी खांब-तुळयांचा मेळ न घालता विटांवर टाकलेला स्लॅब आला, तर ती प्रगती म्हणावी की कसे, याचा विचार घरकुलाचे आराखडे करणाऱ्यांनी जरूर करावा.

जुन्या घरातही फार काही करता येते. दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर पूर्ण जाडीभर जाणारे लांब दगड घालावेत, म्हणजे तिचे आतले व बाहेरचे अंग सुटे होत नाही. दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीला सर्व भिंतींना कवेत घेणारा लोखंड व काँक्रीटचा अखंड पट्टा द्यावा. छतावर वर्षानुवर्षे चढलेला मातीचा थर उतरवून भार कमी करावा. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक ब्यूरोने असे नियम १९९३ मध्येच प्रसिद्ध केले आहेत. नव्या घराच्या एकूण खर्चात या पट्ट्याचा वाटा फार मोठा नसतो. गवंड्याला तो सांगावा मात्र लागतो. मागितल्याशिवाय तो सहसा घातला जात नाही.